कानात सेन्सर, नाकात लस, तरी वासराचा खोकला सुटेना: अमेरिकेतल्या कुरणांवर नेमकं चाललंय काय?

तुमच्या मनगटावरचं स्मार्टवॉच पावलं मोजतं, झोप मोजतं, जास्त वेळ बसून राहिलात तर हळूच टोकतं. त्याच्या आत हालचाल टिपणारी एक छोटी चिप असते, अ‍ॅक्सेलरोमीटर. गेल्या काही वर्षांत हीच चिप अमेरिकेत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या कानात जाऊन बसली आहे. काम तेच. हे वासरू नेहमीसारखं फिरतंय का? खातंय का? की एका जागी मान टाकून उभं आहे?

हा सगळा खटाटोप मुख्यतः एका आजारासाठी आहे. त्याचं नाव बोव्हाइन रेस्पिरेटरी डिसीज, थोडक्यात बीआरडी. सोप्या मराठीत सांगायचं तर गुरांचा न्यूमोनिया. अमेरिकेतल्या मांस उद्योगाला सगळ्यात महाग पडणारा आजार हाच. वर्षाला ८० ते ९० कोटी डॉलरचं नुकसान होतं, असा अंदाज नेहमी दिला जातो.

आता हा विषय एवढा तापण्याचं कारण वेगळं आहे. १ जानेवारी २०२५ च्या गणनेत अमेरिकेतली एकूण गुरं ८ कोटी ६७ लाख भरली. तेव्हा तो १९५१ नंतरचा सगळ्यात कमी आकडा होता. सलग दुष्काळ पडले, चारा महागला आणि लोकांनी गाई विकून टाकल्या. त्यात २०२५ मध्ये स्क्रूवर्म नावाच्या, जिवंत जनावराचं मांस खाणाऱ्या अळीच्या भीतीने मेक्सिकोतून येणारी वासरंही थांबवली गेली. थोडक्यात, वासरं कमी आणि भाव चढे. अशा वेळी एक वासरू खोकून मेलं तरी मालकाला मोठा फटका बसतो.

मग प्रश्न असा: सेन्सर आहेत, लशी आहेत, एआय आहे, जीन एडिटिंगसुद्धा आहे. तरी हा आजार आटोक्यात का येत नाही? एकेक करून बघू.

आधी बेसिक: 'कुरणावर वाढलेलं' म्हणजे काय?

सोशल मीडियावर 'ग्रास-फेड', 'पाश्चर-रेज्ड' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. हिरवंगार कुरण, मोकळी हवा, तिथे कसला आलाय आजार, असा एकूण सूर असतो.

खरी गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेत मांसासाठी वाढणारं जवळपास प्रत्येक वासरू कुरणावरच जन्मतं. आईचं दूध पीत आणि गवत खात ते साधारण सहा ते आठ महिने तिथेच राहतं. हे रँच म्हणजे सगळे काही अवाढव्य नसतात. सरासरी कळप पन्नास गाईंच्याही आतला असतो. त्यानंतर वासराचं दूध तोडतात, बाजारात लिलाव होतो आणि बहुतेक वासरं ट्रकमधून टेक्सस, कॅन्सस किंवा नेब्रास्कातल्या फीडलॉटवर जातात. तिथे हजारो जनावरं मोठमोठ्या आवारांत ठेवून त्यांना मक्याचा खुराक दिला जातो. शेवटपर्यंत गवतावरच राहणारी जनावरं या सगळ्यात थोडी.

म्हणजे आपण 'कुरणावरची' आणि 'फीडलॉटवरची' अशा दोन वेगळ्या गुरांबद्दल बोलत नाही आहोत. बहुतेक वेळा तेच वासरू आयुष्याच्या दोन टप्प्यांत दोन ठिकाणी असतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

आजार होतो कसा? एक दार उघडतो, दुसरा आत शिरतो

बीआरडी हा एकाच जंतूचा आजार नाही. ती एक टोळी आहे.

टोळीतले व्हायरस चार-पाच. बोव्हाइन आरएसव्ही, आयबीआर घडवणारा हर्पीस व्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा-३, बीव्हीडी व्हायरस आणि गाईंचा कोरोनाव्हायरस. (हा कोरोना म्हणजे कोविडवाला नव्हे, फक्त त्याच्या कुटुंबातला.) अलीकडे इन्फ्लुएन्झा डी हे नावही यात येतं. तो २०११ मध्ये ओक्लाहोमातल्या एका डुकरात पहिल्यांदा सापडला. नंतर कळलं, त्याचं खरं घर गुरांमध्ये आहे.

हे व्हायरस नाक आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतात. त्या अस्तरावर बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ, जंतू, शेंबूड वरच्या दिशेने ढकलत बाहेर काढतात. हा श्वासनलिकेचा झाडू समजा. व्हायरस हा झाडूच मोडून टाकतो.

मग पुढची पाळी बॅक्टेरियांची. मॅनहायमिया हीमोलिटिका आणि पाश्चुरेला मल्टोसिडा ही त्यातली मुख्य नावं. गंमत म्हणजे हे निरोगी गुरांच्या नाकातही निवांत पडून असतात. झाडू मोडला की ते थेट फुप्फुसात उतरतात. मॅनहायमिया तर पांढऱ्या पेशी मारणारं विषच सोडतो. गाईच्या शरीराच्या मानाने तिची फुप्फुसं तशी लहानच. त्यातला एक तुकडा निकामी झाला तरी जनावर धापा टाकायला लागतं.

टोळीतले दोघे जास्त बेरकी आहेत. आयबीआरचा हर्पीस एकदा शरीरात शिरला की मज्जापेशींत लपून बसतो आणि जनावरावर ताण आला की पुन्हा बाहेर येतो. माणसाच्या ओठावर तापानंतर पुन्हा पुन्हा येणारा फोड आठवा, तो याच घराण्यातला.

दुसरा बीव्हीडी. गाय गाभण असताना, साधारण पहिल्या चार महिन्यांत, हा व्हायरस गर्भापर्यंत पोचला तर पोटातलं वासरू त्याला 'आपलाच' समजून बसतं. त्या वेळी त्याची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. असं वासरू जगलं तर जन्मभर व्हायरस सोडत राहतं. कधी ते खुरटलेलं दिसतं, कधी अगदी ठणठणीत. फीडलॉटवर येणाऱ्या हजार वासरांत अशी साधारण तीन असतात. तिघांचा आकडा छोटा वाटेल, पण एक वासरू अख्ख्या आवाराला व्हायरस वाटत फिरतं आणि बाकीच्यांची प्रतिकारशक्ती खाली आणतं.

मोकळ्या कुरणात हे आलं कुठून?

फीडलॉटवर न्यूमोनिया होतो हे समजण्यासारखं आहे. गर्दी, धूळ, लांबचा प्रवास. या आजाराचं जुनं नावच 'शिपिंग फीव्हर', म्हणजे वाहतुकीचा ताप. पण आईजवळ कुरणात चरणाऱ्या वासरालाही न्यूमोनिया होतो. तिकडचे पशुवैद्यक त्याला 'समर न्यूमोनिया' म्हणतात.

याची एक चावी तुम्हाला घरबसल्या माहीत आहे: खरवस. खरवस ज्या चिकापासून होतो, तो चीक म्हणजे वासराची पहिली लसच. माणसाच्या बाळाला आईकडून तयार प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, गर्भातच नाळेतून मिळतात. वासराला तसं काहीच मिळत नाही. ते जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात हे संरक्षण जवळपास शून्य असतं. सगळी भिस्त चिकावर. तीही पहिल्या चोवीस तासांत, कारण त्यानंतर आतडी ही प्रतिपिंडं रक्तात घेणं बंद करतात.

पुढे दर आठवड्याला हे उधारीचं संरक्षण उतरत जातं. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत ते तळाला जातं आणि वासराची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून पुरती तयार नसते. कळपातली सगळी वासरं साधारण एकाच हंगामात जन्मलेली, त्यामुळे सगळी एकदमच या खिंडीत सापडतात. अशा वेळी बाहेरून एखादी नवी गाय आणली, दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा पडला, किंवा काही कामासाठी कळप वाड्यात कोंडला, की ठिणगी पडते. अमेरिकेतल्या काही सर्वेक्षणांत असंही दिसलं की कृत्रिम रेतनासाठी कळप वारंवार गोळा करणाऱ्या रँचवर हा त्रास जास्त आढळतो. म्हणजे कुरण मोकळं असलं तरी जनावरं एकत्र आणण्याचे प्रसंग कमी नसतात.

सेन्सर काय पाहतो, आणि कुठे फसतो?

गाय हा मुळात शिकार होणारा प्राणी. आजारी दिसलं तर लांडगा आधी आपल्यालाच गाठणार, हे लाखो वर्षांचं शहाणपण तिच्या अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे माणूस जवळ आला की आजारी वासरूही मान वर करून 'मी ठीक आहे' असं दाखवतं.

मग आजारी जनावर ओळखायचं कसं? परंपरेने हे काम घोड्यावरून फिरणाऱ्या राखणदाराचं. मरगळ, भूक, श्वास आणि ताप या चार गोष्टी तो बघतो. गाईचं नेहमीचं तापमान ३८.५ अंश सेल्सियसच्या आसपास असतं, ४० अंशांवर गेलं की ताप धरतात.

या नजरेवर किती विसंबायचं? २००९ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी याचा हिशेब मांडला. खरोखर आजारी जनावरांपैकी माणसाच्या नजरेला सापडतात साधारण ६२ टक्के. आणि निरोगी जनावरांपैकी 'हे निरोगी आहे' असं बरोबर ओळखलं जातं साधारण ६३ टक्के.

हे आकडे वाचताना 'बरे आहेत की' असं वाटतं. आता गणित करू. समजा १०० वासरं आहेत आणि त्यातली १६ आजारी. (अमेरिकी कृषी खात्याच्या २०११ च्या पाहणीत फीडलॉटवरच्या साधारण १६ टक्के जनावरांना श्वसनाचा आजार झाल्याची नोंद आहे.)

- १६ आजारींपैकी १० सापडली, ६ सुटली.
- ८४ निरोगींपैकी ३१ उगाचच 'आजारी' ठरली.
- म्हणजे ४१ वासरं बाजूला काढली, त्यातली खरी आजारी फक्त १०.

उरलेल्या ३१ वासरांना अँटिबायोटिक फुकट टोचलं आणि सहा खरे रुग्ण तसेच फिरत राहिले.

इथे सेन्सर मदतीला येतो. कानातला टॅग हालचाल आणि तापमान मोजतो. नेब्रास्कातल्या क्वांटिफाइड अ‍ॅग या स्टार्टअपने असा टॅग बनवला. जनावर बिनसलं की टॅगवरचा एलईडी दिवा चमकतो आणि राखणदाराला गर्दीतून तेच जनावर शोधता येतं. २०२० मध्ये मर्क या बड्या औषध कंपनीने ही स्टार्टअप विकत घेतली. दुसरीकडे छातीला लावायचा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप आहे. तो फुप्फुसाचा आवाज रेकॉर्ड करतो आणि सॉफ्टवेअर त्याला १ ते ५ असा गुण देतं. प्रयोगांमध्ये खाण्याच्या आणि हालचालीच्या नोंदींवरून आजार माणसाच्या नजरेआधी काही दिवस पकडता आला आहे. न्यूमोनियात हे काही दिवस फार मोलाचे असतात.

पण हेच तंत्र कुरणावर नेलं की नवी अडचण उभी राहते. तिथे एका वेळी आजारी असतील शंभरात दोन. समजा सेन्सर एकदम भारी आहे, दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक. तर दोन्ही आजारी वासरं बहुधा सापडतील. पण ९८ निरोगींपैकी जवळपास १० जणांचा अलर्टही वाजेल. मोबाइलवर १२ नोटिफिकेशन, खरी दोन. प्रत्येक वेळी डोंगर-ओढे ओलांडून त्या वासरापर्यंत जायचं, दोर टाकून पकडायचं, ताप बघायचा आणि सोडून द्यायचं. आठवडाभरात रँचर काय करेल? तुम्ही नको असलेल्या अ‍ॅपचं करता तेच. म्यूट.

म्हणून 'आमचं एआय ९० टक्के अचूक आहे' असं कोणी सांगितलं, गुरांच्या बाबतीत असो वा माणसांच्या, तर पहिला प्रश्न हा विचारा: आजार मुळात किती जणांना आहे? आजार जितका विरळ, तितके खोटे अलर्ट जास्त.

त्यात नेटवर्कचा प्रश्न. हजारो एकरांच्या कुरणात मोबाइलचा टॉवर नसतो. त्यावर दोन उपाय चाललेत. एक, कमी वीज खाणारं लांब पल्ल्याचं रेडिओ नेटवर्क, लोरा. टेकडीवर अँटेना उभा करायचा आणि सगळे टॅग त्याच्याशी बोलणार. दुसरा, थेट उपग्रहाशी बोलणारा टॅग. ऑस्ट्रेलियाच्या सेरेस टॅग कंपनीचा टॅग असाच आहे. मात्र दोन्हीकडे बॅटरी वाचवायची तर डेटा थोडा आणि थांबून थांबून पाठवावा लागतो. टॅग जितका काटकसरी, तितकं त्याला कमी दिसतं.

नाकातली लस आणि आपल्या घरातला आरएसव्ही

लशी आहेत, चांगल्या आहेत. पण पुन्हा चिकाची गोष्ट आडवी येते. आईकडून आलेली प्रतिपिंडं रक्तात असताना इंजेक्शनची लस दिली, तर ती प्रतिपिंडं लशीलाच निकामी करतात. यावर मार्ग म्हणजे नाकात फवारायची लस. ती थेट नाकाच्या अस्तरावर संरक्षण उभं करते, त्यामुळे लहान वासरांतही बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे भारत बायोटेकची इन्कोव्हॅक ही नाकातून द्यायची कोविड लस २०२३ मध्ये आली होती, कल्पना तीच.

इथे माणसाचा आणि वासराचा धागा आणखी घट्ट होतो. तान्ह्या बाळांना त्रास देणारा आरएसव्ही आणि गुरांचा आरएसव्ही हे जवळचे भाऊबंद. माणसांसाठी आरएसव्हीच्या लशी २०२३ मध्ये मंजूर झाल्या. त्यामागची युक्ती अशी की व्हायरसच्या अंगावरचं एक प्रथिन पेशीला चिकटण्याआधी ज्या आकारात असतं, नेमक्या त्याच आकारात ते शरीराला ओळखायला शिकवायचं. याच युक्तीची गुरांच्या व्हायरससाठी बनवलेली लस २०१७ मध्ये वासरांवर तपासली गेली होती आणि वासरांना भक्कम संरक्षण मिळालं होतं. गाभण गाईला लस देऊन चीक समृद्ध करायचा आणि गरोदर आईला लस देऊन बाळ वाचवायचं, यामागचं तत्त्व एकच.

जिंजर: अमेरिकेत जन्मलेली गीर

आता या बातमीतला सगळ्यात चर्चेचा भाग. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत जिंजर नावाची एक कालवड जन्मली. जात कुठली? गीर. हो, आपली गुजरातची गीर, जी आज महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांत दिसते. तिच्या पूर्वजांची जात समुद्रापार जाऊन तिकडे स्थिरावली.

बीव्हीडी व्हायरस पेशीत शिरताना सीडी-४६ नावाच्या प्रथिनाला धरतो. ते प्रथिन म्हणजे कुलूप आणि व्हायरस म्हणजे किल्ली असं समजा. अमेरिकी कृषी खात्याची संशोधन संस्था, नेब्रास्का विद्यापीठ आणि एका खासगी कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या कुलपाचे फक्त सहा दाते बदलले, म्हणजे सहा अमिनो आम्लं. किल्ली बसेनाशी झाली. मग जिंजरला जन्मभर व्हायरस सोडणाऱ्या एका वासरासोबत आठवडाभर ठेवलं. तिला आजार झाला नाही. २०२३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

लगेच 'आजारमुक्त गाय आली' असं फॉरवर्ड करू नका. एक म्हणजे ही एका कालवडीची गोष्ट आहे. दुसरं, टोळीतला एकच व्हायरस अडला, बाकीचे मोकळेच आहेत. तिसरं, मंजुरीची वाट लांब असते. अर्थात ती बंद नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये उन्हात तग धरणाऱ्या आखूड केसांच्या जीन-एडिटेड गुरांना कमी जोखमीचं ठरवलं आणि एप्रिल २०२५ मध्ये पीआरआरएस या व्हायरसला दाद न देणाऱ्या डुकराला मंजुरी दिली.

तिकडे युरोपातल्या काही देशांनी जीनला हातही न लावता बीव्हीडीचा बंदोबस्त केला. स्वित्झर्लंडने २००८ पासून आणि जर्मनीने २०११ पासून सक्तीची मोहीम राबवली. वासराच्या कानात बिल्ला टोचतानाच कातडीचा बारीक तुकडा निघतो, तो तपासायचा आणि जन्मभर व्हायरस सोडणारी वासरं कळपातून काढायची. आजार झपाट्याने खाली आला. बिल्ला साधाच, पण नियम सगळ्यांना सारखा.

मग घोडं अडलंय कुठे?

आता सुरुवातीचा मुद्दा आठवा. वासरू एकच, टप्पे दोन, पण मालक वेगवेगळे.

वासराला वेळेवर लस द्यायची, दूध तोडल्यावर ४५ दिवस घरीच ठेवून त्याला खुराकाची सवय लावायची आणि मगच विकायचं, एवढं केलं तरी पुढचा आजार बराच कमी होतो. हे सगळ्यांना माहीत आहे. पण खर्च करायचा पहिल्या मालकाने आणि वासरू जगल्याचा फायदा व्हायचा तिसऱ्या मालकाला. चांगली तयार केलेली वासरं जास्त भावाने विकण्याच्या योजना आहेत, पण पंधरा-वीस वासरं घेऊन बाजारात आलेल्या छोट्या रँचरची वासरं लिलावात दहा जणांच्या वासरांत मिसळतात. लस दिलेलं आणि न दिलेलं एकाच ट्रकमध्ये चढतं.

फीडलॉटवाल्याला समोरच्या वासराचा इतिहास कळत नाही. मग तो सेफ खेळतो. ट्रकमधून उतरलेल्या अख्ख्या गटालाच अँटिबायोटिक टोचतो. व्हायरसवर त्याचा काही उपयोग नाही, पण मागून येणाऱ्या बॅक्टेरियांना अडवता येतं. परिणाम काय? अमेरिकेत जनावरांसाठी विकल्या जाणाऱ्या, माणसांसाठीही महत्त्वाच्या असलेल्या अँटिबायोटिकपैकी साधारण ४० टक्के गुरांसाठी जातात. औषधाला दाद न देणारे जंतू तयार होण्याची भीती इथेच आहे, आणि ते जंतू पासपोर्ट बघत नाहीत. २०१७ पासून वजन वाढवण्यासाठी ही औषधं देणं तिथे बंद झालं आणि जून २०२३ पासून ती पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. तरी आजार रोखण्यासाठी वापर चालूच आहे.

वासराचा इतिहास त्याच्यासोबत गेला असता तर? इथे कानातला दुसरा टॅग येतो, साधा आरएफआयडी. मेट्रोच्या कार्डात असतो तसलाच. ५ नोव्हेंबर २०२४ पासून अमेरिकेत राज्याची सीमा ओलांडणाऱ्या ठरावीक गुरांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाचता येणारा टॅग सक्तीचा झाला. पण कुणाला? सगळ्या दुभत्या जातीच्या गुरांना, प्रदर्शनातल्या आणि रोडिओतल्या जनावरांना, आणि १८ महिन्यांवरच्या, खच्ची न केलेल्या गुरांना. म्हणजे बीआरडी ज्यांना सगळ्यात जास्त होतो, ती मांसासाठी विकली जाणारी कोवळी वासरं या नियमाबाहेरच राहिली.

रँचरांचा विरोधही समजून घ्यायला हवा. आर-काफ यूएसए ही त्यांची संघटना या नियमाविरुद्ध कोर्टात गेली. त्यांची शंका अशी: टॅगचा खर्च आमचा, डेटा मात्र बड्यांचा. अमेरिकेत फीडलॉटवरची सुमारे ८५ टक्के गुरं चारच कंपन्यांच्या कत्तलखान्यांत जातात. उद्या माझ्या कळपात बीव्हीडी निघाला हे या चौघांना आधी कळलं तर माझा भाव कोण पाडेल? तुमच्या फिटनेस अ‍ॅपचा डेटा विमा कंपनीच्या हाती पडला तर जी भीती वाटेल, तीच ही.

यात आपला काय संबंध?

महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी कायदा आहे, त्यामुळे अमेरिकेसारखा मांस उद्योग इथे नाही. आपली गुरं दुधासाठी आणि शेतकामासाठी. पण फुप्फुस तेच, व्हायरसही तेच. आयबीआर आणि बीव्हीडी भारतातही आढळतात. आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेला घटसर्प हा पाश्चुरेला मल्टोसिडाच्याच एका प्रकाराने होतो. आणि २०२२ मध्ये लंपीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद का करावे लागले, हे आठवा. आजार वेगळा होता, पण तिथेही भीती बाजाराची आणि वाहतुकीचीच होती.

एका बाबतीत मात्र आपली चौकट अमेरिकेपेक्षा रुंद आहे. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक म्हणजे जनावराचं आधार. लस आणि उपचार 'भारत पशुधन' या डिजिटल व्यवस्थेत त्याच क्रमांकावर नोंदवता येतात. जून २०२४ पासून महाराष्ट्रात खरेदी-विक्री आणि वाहतुकीसाठी हा बिल्ला सक्तीचा आहे. अमेरिकेत कोवळ्या वासरांसाठी ज्याची वानवा आहे, ती जागा आपल्याकडे निदान कागदावर तयार आहे. प्रश्न ती भरण्याचा आहे. बिल्ला असेल पण लशीची नोंदच नसेल, तर तो फक्त पिवळा प्लास्टिकचा तुकडा.

घरी किंवा गावाकडे गुरं असतील तर तीन साध्या गोष्टी लक्षात ठेवा:

- वासराला जन्मल्यावर लवकरात लवकर, पहिल्या काही तासांतच भरपूर चीक पाजा. खरवस उरलेल्या चिकाचा.
- बाजारातून आणलेलं जनावर थेट कळपात सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळं बांधा.
- नाक गळतंय, मान खाली आहे, श्वास जोरात चाललाय असं दिसलं तर मनाने इंजेक्शन न देता पशुवैद्यकाला बोलवा. सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइन १९६२ आहे.

पुढे कशावर लक्ष ठेवायचं?

बीआरडीच्या बातम्या पुढेही येत राहतील. कधी नवा टॅग, कधी नवं एआय, कधी नवी जीन-एडिटेड कालवड. त्या वाचताना दोन गोष्टी तपासा. पहिली, यातून आजार लवकर सापडतोय की मुळात कमी होतोय? सेन्सर पहिलं काम करतो. दुसरं काम चीक, वेळेवर लस आणि बाजारात न मिसळणं या जुन्याच गोष्टी करतात. दुसरी, डेटा कुणाकडे जातोय आणि त्याचे पैसे कुणाला मिळतायत? अमेरिकी कृषी खात्याचा टॅगचा नियम कोवळ्या वासरांपर्यंत पोचतो का, आणि पोचला तर छोट्या रँचरला लस दिलेल्या वासराचा वाढीव भाव खरोखर मिळतो का, यावर बरंच काही ठरेल. तो भाव मिळाला तर लस टोचायला कुणी सक्ती करायची गरज उरणार नाही.